आयो एडेबिरी आणि रायटर्स रूम

१५ जानेवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘द बेअर’ मालिकेतल्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार घेताना अभिनेत्री आयो एडेबिरीने आईवडिलांचे आभार मानले. परक्या मुलखात येऊन संसार उभा करायचा आणि मुलीने सांगायचं की मला इम्प्रोव्ह, म्हणजे उत्स्फूर्त विनोदी नाट्य, करायचंय, हे काही त्यांचं स्वप्न नसणार, अशा अर्थाचं काहीतरी ती हसत म्हणाली. सभागृहही हसलं. पण तिच्याविषयी जे कौतुकाचं लिखाण होतं, त्यात हा विनोद हटकून गंभीर होतो. स्थलांतरितांच्या कष्टाचं चीज झालं, नायजेरियन-अमेरिकन मुलीने हॉलिवूड जिंकलं, काळ्या मुलींना पडद्यावर आपला चेहरा दिसला, अशी ती कहाणी असते. त्यात खोटं काही नाही. फक्त ती कुणाच्याही बाबतीत सांगता येते, आणि म्हणूनच एडेबिरीविषयी ती फारसं काही सांगत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. तिच्या चढत्या आलेखाचं मूळ मला तिच्या चेहऱ्यात किंवा वंशात दिसत नाही. ते तिने पडद्यावर येण्याआधी जिथे दिवस काढले त्या जागेत, मालिकांच्या रायटर्स रूममध्ये दिसतं. आठ-दहा माणसं एका टेबलाभोवती बसून पात्रं घडवतात, मोडतात, एकमेकांचे विनोद खोडतात, ती खोली. पात्र कसं असणार हे कॅमेरा सुरू व्हायच्या कितीतरी आधी तिथे ठरून गेलेलं असतं.

आधी ‘नायजेरियन-अमेरिकन’ या लेबलाविषयी. एडेबिरीचा जन्म १९९५ चा, बॉस्टनचा. ती डॉर्चेस्टरमध्ये वाढली. वडील नायजेरियाचे, आई बार्बाडोसची. ‘नायजेरियन-अमेरिकन’ म्हटलं की आई गायब होते. कॅरिबियन बेटावरून आलेल्या आईचं घर आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या वडिलांचं घर यांत इंग्रजी आणि चर्च सोडलं तर काय काय समान असेल हा प्रश्नच आहे. ही मुलगी त्या दोन घरांच्या मधल्या जागेत, पेंटेकोस्टल चर्चच्या वातावरणात वाढली. प्रवचन, टाळ्या, गाणं आणि समोरचा समुदाय या सगळ्याचा लहानपणापासूनचा सराव तिला स्टँड-अपच्या मंचावर उपयोगी पडला असणार, असा माझा अंदाज आहे.

अमेरिकेतल्या नायजेरियन घरांचा इतिहासही इथे पाहायला हवा, कारण त्याशिवाय एमीच्या मंचावरचा तो विनोद कळत नाही. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने राष्ट्रवार कोटे मोडले आणि आशिया-आफ्रिकेतल्या शिकलेल्या माणसांना दार उघडलं. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध झालं. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला आणि सरकारी शिष्यवृत्त्यांवर मुलं अमेरिकेत शिकायला गेली. पुढच्या दशकात तेलाचे भाव पडले, १९८६ मध्ये आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला, नायरा या चलनाची किंमत घसरली, आणि परत जायचं म्हणून आलेली माणसं तिथेच राहिली. आज नायजेरियन हा अमेरिकेतल्या सर्वाधिक शिकलेल्या स्थलांतरित गटांपैकी एक आहे. पदवी हेच ज्यांचं भांडवल होतं त्या घरांत मुलांनी काय व्हायचं याची यादी छोटीच असणार. डॉक्टर, इंजिनियर, वकील, फार तर फार्मासिस्ट. ही यादी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल, आणि ते साहजिक आहे. पुण्या-मुंबईचे, नागपूरचे डॉक्टर-इंजिनियर त्याच १९६५ च्या कायद्याच्या दारातून गेले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं तेही त्याच पिढीने.

या यादीतून सुटलेल्या नायजेरियन-अमेरिकन नट्यांची आता एक लहानशी रांगच झाली आहे. ‘परायाह’मध्ये (२०११) ॲलीकेची भूमिका करणारी अडेपेरो ओडूये कॉर्नेलमध्ये डॉक्टरकीच्या वाटेवर होती. ‘इन्सिक्युअर’मधली मॉली, म्हणजे इव्हॉन ओर्जी, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मग विनोदाकडे वळली. एडेबिरीही न्यूयॉर्क विद्यापीठात शिक्षिका व्हायच्या अभ्यासासाठी गेली होती. तिथे तिने विषय बदलला आणि नाट्यलेखन घेतलं. अभिनय घेतला नाही, लेखन घेतलं. माझ्या मते तिच्या पुढच्या वाटचालीत याहून महत्त्वाचा निर्णय नाही.

मग तिने खोल्या बदलल्या. रॉबिन थीडच्या ‘द रनडाउन’साठी लिहिलं. २०१९ मध्ये एनबीसीवरच्या ‘सनीसाइड’च्या लेखकांत ती होती. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या स्थलांतरितांवरची ती मालिका, सहनिर्माता आणि नायक काल पेन, म्हणजे आपल्याकडच्याच गुजराती घरातला मुलगा. मालिका चार भागांतच वाहिनीवरून उतरली. पुढे ‘डिकिन्सन’ आणि ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’. यातलं लेखनाचं काम प्रेक्षकाला चेहरा दाखवून प्रसिद्धी मिळवण्यासाठी नव्हतं. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी नेमकं वाक्य घालायचं, आणि आपलं आवडतं वाक्य कुणी खोडलं तर मुकाट्याने दुसरं सुचवायचं, हे तिथलं काम.

‘बिग माउथ’चं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. नेटफ्लिक्सची ही ॲनिमेशन मालिका वयात येणाऱ्या मुलांविषयी आहे, कमालीची वाह्यात आणि तितकीच मायाळू. तिच्यातली मिसी ही मुलगी काळ्या वडिलांची आणि गोऱ्या ज्यू आईची. तिला आवाज द्यायची जेनी स्लेट, जी स्वतः गोरी आणि ज्यू. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. त्यानंतरच्या महिन्यात स्लेटने मिसीची भूमिका सोडली. मिसीची आई माझ्यासारखी आहे म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते, पण मिसी काळीही आहे, असा तिच्या निवेदनाचा आशय होता. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की आता मिसीचा आवाज आयो एडेबिरीचा.

तोवर एडेबिरी त्या मालिकेत लेखिका म्हणून आलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, गोरी नटी गेली, काळी आली, हिशेब चुकता झाला. पण आवाज बदलणं हे या प्रकरणातलं सोपं काम होतं. चौथ्या पर्वात मिसी आपल्या काळ्या चुलत भावंडांकडे जाते, तिच्या वेण्या घातल्या जातात, आपण कोण हा प्रश्न तिला पहिल्यांदा टोचायला लागतो. पर्वाच्या शेवटाकडे मिसीच्या मनातल्या अनेक मिसी एकत्र येतात आणि तिथेच आवाज बदलतो. आवाज बदलला हे मालिकेने झाकलं नाही, त्याचं कथानक केलं. त्यानंतर जी मिसी दिसते ती अधिक चिडकी आणि अधिक विनोदी आहे. आवाज देणारी व्यक्तीच लेखकांच्या टेबलावर बसलेली असेल तर पात्राला असं वाढता येतं. नुसता आवाज बदलला असता तर तेवढ्यापुरतं समाधान झालं असतं आणि मिसी होती तिथेच राहिली असती.

याच्या शेजारी अभिनेत्री उझो अडूबाची वाट ठेवून पाहा. तीही बॉस्टनच्या बाजूचीच, मेडफील्ड गावची, नायजेरियातल्या इग्बो आईवडिलांची मुलगी, एडेबिरीपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. बॉस्टन विद्यापीठात ती धावपटू होती आणि शास्त्रीय गायन शिकली. मग न्यूयॉर्कची नाटकं, ब्रॉडवेवर ‘गॉडस्पेल’. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’साठी ती ज्या भूमिकेची चाचणी द्यायला गेली ती धावपटूची होती. मिळाली दुसरीच, सुझॅन ऊर्फ ‘क्रेझी आइज’. अभिनय सोडून द्यायचं ठरवलं त्याच दिवशी तो फोन आला, असं ती सांगत आली आहे. कागदावर सुझॅन म्हणजे एक धोकादायक थट्टा होती, वेडसर काळी कैदी. अडूबाने त्यातून माणूस काढला. २०१४ मध्ये तिला त्यासाठी विनोदी मालिकेतली पाहुणी कलाकार म्हणून एमी मिळाली. एमीचे नियम बदलले, तीच मालिका गंभीर ठरली, आणि २०१५ मध्ये त्याच भूमिकेसाठी गंभीर मालिकेतली सहायक अभिनेत्री म्हणून दुसरी. (लेबलं कशी चिकटवली जातात याचा एवढा उघडा नमुना दुसरा नसेल. ‘द बेअर’ला विनोदी म्हणावं का यावर वाद घालणाऱ्यांनी तो आठवावा.) तिसरी एमी २०२० मध्ये, ‘मिसेस अमेरिका’तल्या राजकारणी शर्ली चिझमच्या भूमिकेसाठी. चिझमची आई बार्बाडोसची होती, लहानपणीची काही वर्षं चिझमही तिथेच राहिली. नायजेरियन घरातली नटी बार्बाडोसच्या नातीची भूमिका करते, आणि पाठोपाठ जिच्या घरातच हे दोन्ही देश नांदतात अशी नटी येते. ‘काळी अमेरिकन’ या एका शब्दाखाली किती समुद्र आहेत ते यातून दिसावं.

अभिनयाची ताकद मोजायची तर अडूबा बहुधा वरचढ ठरेल. तरी दोघींच्या वाटा एक नाहीत. अडूबाला फोनची वाट पाहावी लागली, आणि फोन आल्यावर दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींत जीव ओतावा लागला. एडेबिरीला ‘द बेअर’ मिळेपर्यंत महिन्याचा पगार मुख्यतः लेखनातून येत होता.

आता एडेबिरीने साकारलेली सिडनी अदामू. जून २०२२ मध्ये आलेल्या ‘द बेअर’मध्ये शिकागोतल्या एका मोडकळीला आलेल्या सँडविचच्या दुकानात ती नोकरी मागायला येते. नामांकित पाकशाळेत शिकलेली, स्वतःचा केटरिंगचा धंदा बुडालेला, वडिलांच्या घरी राहणारी. ख्रिस्तोफर स्टोररने लिहिलेली ही मालिका आरडाओरड्याची आहे. जेरेमी ॲलन व्हाइट आणि एबन मॉस-बॅकरॅक दोघंही ओरडण्यात तरबेज. एडेबिरी या कल्लोळात जवळजवळ सगळं ऐकण्यातून करते. तिचं वाक्य अर्ध्यावर अडतं, मग ती ते गिळते, मग एक छोटा ‘ओके’ येतो, आणि त्या ‘ओके’चे किमान चार अर्थ असतात. पहिल्या पर्वाचा सातवा भाग जवळजवळ सलग एका शॉटमध्ये चित्रित झाला आहे. सिडनीने आगाऊ ऑर्डर घ्यायची सोय चुकून उघडी ठेवलेली असते, ऑर्डरींच्या चिठ्ठ्या यंत्रातून भळाभळा निघत राहतात, मुख्य शेफ (व्हाइट) तिच्यावर तुटून पडतो, आणि शेवटी ती ॲप्रन काढून चालू लागते. त्या भागात तिला मोठं भाषण नाही. दुसरी नटी तिथे रडली असती, आणि ते शोभलंही असतं. एडेबिरीच्या चेहऱ्यावर आधी हिशेब दिसतो, मग संताप, आणि सगळ्यात शेवटी अपमान. हा क्रम लेखकाला सुचणारा आहे. काय सांगितलं नाही तरी चालेल हे ज्याने वर्षानुवर्षं खोडरबर चालवून शिकलेलं असतं, त्यालाच एवढं थांबता येतं.

सिडनीच्या आडनावात आफ्रिका आहे, पण मालिका त्यावर बोट ठेवत नाही. घरी जोलोफ राइस शिजत नाही, मागे ढोल वाजत नाहीत. काही टीकाकारांना ही उणीव वाटेल. मला उलट वाटतं. स्वयंपाकघरात कामाला आलेली मुलगी दिवसभर आपल्या वंशाचा विचार करत नाही, चटणी जळतेय का याचा करते.

तिसऱ्या पर्वात, २०२४ मध्ये, ‘नॅपकिन्स’ हा भाग एडेबिरीने दिग्दर्शित केला. पहिलंच दिग्दर्शन, आणि त्यात सिडनीला काही कामच नाही. तो सगळा भाग त्याच दुकानातल्या टीनाचा. पंधरा वर्षांची नोकरी गेलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई बायोडाटा घेऊन शिकागोभर फिरते. जिथे जाते तिथे तरुण चेहरे तिला ऑनलाइन अर्ज करायला सांगतात. टीना म्हणजे लिझा कोलोन-झायस, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर अनेक वर्षं राबलेली पोर्तोरिकन मुळाची अभिनेत्री. दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाल्यावर ती पन्नाशी ओलांडलेल्या या सहकलाकारासाठी वापरणं, हे मला एडेबिरीच्या कारकिर्दीतलं सगळ्यात बोलकं काम वाटतं. या भागासाठी तिला दिग्दर्शनाचं एमी नामांकन मिळालं, आणि त्याच वर्षी, २०२५ मध्ये, प्रमुख अभिनेत्रीचंही.

चौथ्या पर्वातला ‘वर्म्स’ तिने सहकलाकार लायनेल बॉइसबरोबर लिहिला. सिडनी वेण्या घालून घ्यायला चुलत बहिणीच्या घरी जाते. बहीण मधेच दुकानात निघून जाते आणि सिडनीची गाठ तिच्या अकरा वर्षांच्या मुलीशी पडते. अर्ध्या घातलेल्या वेण्या, फ्रीजमध्ये मिळेल त्यातून केलेलं जेवण, आणि नोकरी सोडू की नको हा मोठ्यांचा पेच मुलीला कळेल अशा गोष्टीत सांगणं. काळ्या बायकांच्या केसांना किती तास लागतात, त्या तासांत किती गप्पा होतात, हे माहीत असलेल्या माणसानेच हा भाग लिहिला असणार. मिसीच्या वेण्यांपासून सिडनीच्या वेण्यांपर्यंतची पाच वर्षं म्हणजे मी म्हणतो ती वाट आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लेखणीत एवढी सत्ता असती तर लेखक उपाशी का? आक्षेपाचा पुरावा खुद्द ‘द बेअर’मध्येच आहे. पहिल्या पर्वाच्या लेखकांपैकी ॲलेक्स ओकीफ हा काळा तरुण लेखक २०२३ मध्ये रायटर्स गिल्डचा पुरस्कार घ्यायला गेला तेव्हा त्याचं बँक खातं उणे होतं, गळ्यातला बो-टाय उधारीवर घेतलेला होता. दोन महिन्यांत लेखकांचा संप सुरू झाला आणि १४८ दिवस चालला. स्ट्रीमिंग कंपन्यांनी रायटर्स रूम छोट्या केल्या, लेखकाला चित्रीकरणाच्या जागी बोलावणं बंद केलं, थोड्या आठवड्यांचे पैसे देऊन वाटेला लावलं, ही त्यांची तक्रार होती. एडेबिरीचा एमी समारंभ सप्टेंबरवरून जानेवारीत गेला तो या संपामुळे आणि नटांच्या संपामुळे.

आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझा मुद्दा जरा वळतो. नुसत्या लेखणीला हॉलिवूडमध्ये भाव नाही. ओकीफकडे लेखणी होती, चेहरा नव्हता. अडूबाकडे चेहरा होता, पण सुझॅनचे शब्द दुसऱ्यांचे होते. एडेबिरीने लेखणीने सुरुवात केली, चेहऱ्याने नाव मिळवलं, आणि त्या नावाच्या जोरावर लेखणी परत मागून घेतली. ‘वर्म्स’ लिहायला मिळाला तो सिडनी लोकप्रिय झाल्यावर, आधी नाही. ही वाट सगळ्यांना खुली आहे असं म्हणणं भोळेपणाचं होईल. पण प्रतिनिधित्वाचा हिशेब पडद्यावरचे चेहरे मोजून करणाऱ्यांनी त्या पडद्यामागच्या खोलीत कोण बसलंय, किती आठवडे, किती पगारावर, हेही मोजायला हवं. चेहरा बदलणं स्टुडिओला स्वस्त पडतं, खोली बदलणं महाग.

लेबल लावायचा अधिकार कुणाकडे असतो याचं एक उदाहरण खुद्द नायजेरियातलं आहे. नॉलिवूडची मोठी तारका जेनेव्हिव्ह नाजीने ‘लायनहार्ट’ (२०१८) स्वतः दिग्दर्शित केला, त्यात प्रमुख भूमिकाही केली. नायजेरियाने ऑस्करला पाठवलेला तो पहिला चित्रपट. २०१९ मध्ये अकादमीने तो आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या स्पर्धेतून बाद केला, कारण त्यात इंग्रजी फार आहे. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी आहे, आणि ती कुणी लादली हे सगळ्यांना ठाऊक आहे. वसाहतीने भाषा द्यायची आणि तीच बोललात म्हणून तुम्ही पुरेसे परके नाही असं तिसऱ्याने सांगायचं! नाजीकडे लेखणी, कॅमेरा, चेहरा सगळं होतं. नियमांची वही तेवढी तिच्या हातात नव्हती.

एडेबिरी या लेबलांशी कशी वागते हे पाहण्यासारखं आहे. २०२३ मध्ये एका मुलाखतीत तिने निर्विकार चेहऱ्याने सांगितलं की ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ या चित्रपटातल्या जेनी गाढवाची भूमिका आपणच केली, त्यासाठी काही महिने आयर्लंडमध्ये राहिलो. आयरिश लोकांनी ती थाप डोक्यावर घेतली, तिला आपलीच मानलं. पुढे एका पुरस्काराच्या भाषणात तिने बॉस्टन, बार्बाडोस आणि नायजेरियाच्या जोडीला आयर्लंडचेही आभार मानले. गंमतच आहे, पण नुसती गंमत नाही. तू कुठली, हा प्रश्न ज्यांना जन्मभर विचारला जातो त्यांनी उत्तरांत एक खोटा देश घुसवला की प्रश्नाचीच हवा जाते.

दुसरी बाजू इतकी हलकीफुलकी नाही. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये जॉनी डेपच्या जागी ती येणार अशी एक खोटी अफवा इलॉन मस्कने २०२४ मध्ये पुढे पसरवली. त्यानंतर आपल्याला ठार मारायच्या धमक्या आणि वंशद्वेषी शिव्या आल्या, असं तिने पुढच्या वर्षी सांगितलं. ज्या भूमिकेचा तिच्याशी संबंधच नव्हता, तिच्यासाठी. चेहऱ्याला प्रसिद्धी मिळते ती ही किंमत घेऊन.

आणि २०२५ च्या तिच्या चित्रपटांपैकी दोन. ‘ओपस’मध्ये ती तरुण पत्रकार आहे आणि जॉन माल्कोविचचा वृद्ध गायक तिच्याभोवती सगळा पडदा व्यापतो. तिला घाबरण्या-पळण्यापलीकडे काही दिलेलंच नाही. लुका ग्वादान्यिनोच्या ‘आफ्टर द हंट’मध्ये ती येल विद्यापीठातली मॅगी आहे, प्राध्यापकावर अत्याचाराचा आरोप करणारी श्रीमंत घरची काळी विद्यार्थिनी. चित्रपट मॅगीकडे संशयाने बघतो, तिला प्रबंधचोर ठरवतो, आणि तिच्या आतलं बघायची तसदी फारशी घेत नाही. ज्युलिया रॉबर्ट्सच्या पात्राला भूतकाळ, आजार, गुपित सगळं मिळतं. मॅगीला मुद्दा मिळतो. एडेबिरी तिथेही चोख आहे, पण पटकथेने दार बंद केलं की नटी खिडकीतून किती आत शिरणार?

याच चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या वेळी एका इटालियन मुलाखतकाराने मी टू आणि ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या चळवळी संपल्यावर हॉलिवूडचं काय, असा प्रश्न तिचे सहकलाकार रॉबर्ट्स आणि अँड्र्यू गारफील्ड यांना विचारला. शेजारी बसलेल्या एडेबिरीला स्पष्टपणे वगळून. हा प्रश्न मला नाही हे ठाऊक आहे, असं म्हणत तिनेच उत्तर दिलं, की त्या चळवळी संपलेल्या नाहीत, काम चालू आहे. रॉबर्ट्स आणि गारफील्ड यांनी तिला दुजोरा दिला. त्या उत्तराची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली, आणि ‘मॅगी’पेक्षा त्या अर्ध्या मिनिटातली एडेबिरी जास्त लक्षात राहिली. याला मी तिचा विजय म्हणणार नाही. ते उत्तर तिचं स्वतःचं होतं आणि मॅगी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली होती, इतकाच तो फरक आहे.